नागू आणि दोनशे बारा नायिका

माझ्या पुस्तकाच्या एकतीस हजार प्रती मुलांपर्यंत पोचल्या आणि त्यांतल्या एकाही प्रतीत मी लिहिलेलं पुस्तक नव्हतं. हे मला सांगितलं कुणी, तर माझ्याच पोरीनं, माझ्याच स्वयंपाकघरात. मी भाकऱ्या थापत होते आणि अन्वी ओट्याला टेकून टॅबवर वाचत होती. वाचून झालं तशी म्हणाली, "आई, निहारिका भारी जमलीय तुला. अगदी माझ्यासारखी आहे."

मी विचारलं, कोण निहारिका?

ती हसली. तिला वाटलं मी थट्टा करतेय. तव्यावरची भाकरी करपली, पण तिकडे बघायचं भान कुणाला होतं? पिठाचे हात तसेच ठेवून मी टॅब ओढून घेतला. पुस्तक निघाल्यापासून मी ते एकदाही उघडलं नव्हतं.

पुस्तकावर नाव माझं, दुर्गा इरकल. पुस्तकाचं नावही माझंच, 'शीर'. आणि आत पहिल्याच पानावर पुण्याच्या एका सोसायटीत राहणारी निहारिका नावाची शिक्षिकेची मुलगी शाळेच्या जिन्यात उभी राहून भिंतीवर टिचक्या मारत होती. भिंत आतून पोकळ आहे हे तिला आवाजावरून कळतं. ती मुख्याध्यापकांना सांगते, ते इंजिनिअरला बोलावतात, भिंत दुरुस्त होते आणि शेवटी निहारिकाचा सत्कार होतो. सहा वर्षं घासून मी जे लिहिलं त्याचा शेवट या लोकांनी शालश्रीफळावर केला होता.

मी काय लिहिलं होतं ते आता सांगते. आम्ही वडार. सोलापूरच्या अलीकडे टेंभीची खाण होती, तिथं माझे आईवडील दगड फोडायचे आणि आम्ही पालात राहायचो. माझी थोरली बहीण नागू. दगड कुठंही घाव घालून फुटत नाही. त्याला शीर असते. ती सापडली की चार घावांत धोंडा उलतो, नाही सापडली तर दिवसभर घण मारा, नुसत्या चिपा उडतात. नागू हातोडीनं टकटक करायची, कान लावायची आणि शीर कुठं आहे ते बोट ठेवून दाखवायची. जुनीजाणती माणसं तिला हाक मारून न्यायची. दोन हजार अकरा साली, तेरा वर्षांची असताना, तिनं खाणीच्या उत्तरेकडच्या कड्याला कान लावला आणि ठेकेदाराला सांगितलं, हा आतून सुटलाय, इथं माणसं घालू नका. ठेकेदारानं माणसं घातली. कडा खाली आला. त्याखाली तिघं गेली, त्यांत नागू होती. मी दहा वर्षांची होते आणि दिवसभर तिची एक चप्पल शोधत फिरत होते, कारण आईनं शोधायला सांगितलं होतं.

एवढंच माझं पुस्तक. नागू इरकल नावाची एक मुलगी होती, तिला हे येत होतं, आणि तिला असं मारलं. एखाद्या परक्या घरातल्या पोरानं हे वाचावं म्हणून मी लिहिलं. आणि अन्वीनं वाचावं म्हणून. तिला एक मावशी होती हे मी तिला चौदा वर्षांत सांगितलं नव्हतं. तोंडानं सांगायला गेले की मी दुसरंच काहीतरी काम काढायची. पुस्तकातून कळेल, मग ती विचारेल, मग बोलू, असा माझा भित्रा बेत होता. जातीचा दाखलासुद्धा कपाटात तळाशी ठेवलेला, लागेल तेव्हा काढू म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या शाळेत रजा टाकली (मी भूगोल शिकवते, सातवी ते नववी) आणि उंबर प्रकाशनात जाऊन धडकले. तिथं किशोर विभागाच्या संपादक मंजिरी ठोसर. वाईट बाई नाही, हे आधीच सांगते. वाईट असती तर बरं झालं असतं, धडाधड भांडून मोकळी झाले असते. माझी कादंबरी सात ठिकाणांहून साभार परत आली तेव्हा यांनीच रडत रडत फोन केला होता, दुर्गाताई, हे आलंच पाहिजे म्हणून.

मी निहारिका त्यांच्या टेबलावर आपटली. त्यांनी शांतपणे चहा मागवला आणि करार काढला. नववं कलम, 'वाचकानुरूप मांडणी'. खाली माझी सही. मला वाटलं होतं, चष्मेवाल्या पोरांसाठी अक्षर मोठं करत असतील. खरंच सांगते, मला तेवढंच वाटलं होतं. आमच्याकडे छापलेल्या कागदावर सही करायला सांगितली की माणूस आधी सही करतो आणि मग घाबरतो. मी एम. ए. झाले, पण ते काही गेलं नाही.

मग त्यांनी मला यंत्र समजावून सांगितलं. त्याचं नाव 'आपुलकी'. पूर्वीची यंत्रं नुसती नावं बदलायची. नागूची नेहा व्हायची, पण नेहा पालातच राहायची, आणि मुलं हसायची. आपुलकी तसं करत नाही. ती आधी सगळी कादंबरी उसवते. गोष्टीतला प्रत्येक तपशील म्हणजे एक गाठ. नावाच्या गाठीपासून आडनावाच्या गाठीला दोरा, तिथून देवाला, देवापासून जत्रेला, जत्रेपासून ताटातल्या जेवणाला, जेवणापासून आईच्या कामाला. एक गाठ सरकवली की कुठला दोरा किती ताणतो, हे तिला लाखो पुस्तकं वाचून ठाऊक झालेलं आहे. म्हणून नागूचं गाव बदललं की तिचा मामा, तिची बोली, तिचा डबा, तिला कशाची भीती वाटते तेसुद्धा आपोआप बदलतं, आणि शिवण कुठंच दिसत नाही.

ही झाली पुस्तकाची बाजू. दुसरीकडे वाचणारं पोर. त्याची नोंद शाळेकडून येते. घर कुठलं, घरात काय बोलतात, आईबाप काय करतात. शिवाय वाचताना डोळे कुठं अडखळतात ते टॅबचा कॅमेरा बघतो आणि मनगटावरचा पट्टा नाडी मोजतो. त्यातून दोन आकडे निघतात. एकाला ते अंतर म्हणतात: गोष्टीतली मुलगी वाचणाऱ्यापासून किती लांबची आहे. दुसऱ्याला म्हणतात बोच: गोष्टीत वाईट वागणारं माणूस वाचणाऱ्याच्या घरच्यांसारखं किती आहे. यांतला एकही आकडा वाढला की मूल पुस्तक मिटतं. आपुलकी दोन्ही आकडे शून्याकडे नेते. पूर्वी शंभरातली तीस मुलं पुस्तक संपवायची, आता ब्याऐंशी संपवतात. ठोसर मॅडम हे सांगताना इतक्या खूश होत्या की मला क्षणभर त्यांची कीव आली.

'शीर'च्या दोनशे बारा तऱ्हेच्या प्रती निघाल्या होत्या. कोळ्यांच्या मुलीसाठी नागू कोळ्यांची होती आणि पोकळ होता तो बंदराचा धक्का. मोमीनपुऱ्यातल्या मुलीसाठी ती झोया होती. मी विचारलं, आणि ठेकेदार? त्यांनी एकेक उघडून दाखवलं. ज्यांच्या घरी खाण, खडीचा क्रशर किंवा बांधकामाचा धंदा आहे त्या मुलांच्या प्रतीत ठेकेदार भला माणूस आहे आणि दरड पावसानं आपली आपण कोसळते. सरकारी नोकरांच्या घरी तपासणी अधिकारी अगदी वेळेवर येतो. आयुष्यात कधी आला होता का मेला वेळेवर? पण पुस्तकात येतो.

"आणि आमची मुलं?" मी विचारलं. "वडारांची?"

सेहेचाळीस निघाली. त्यांना नागू मिळाली होती, नागू या नावानं, पालासकट, हातोडीसकट. फक्त त्या प्रतीत ती मरत नाही. कडा पडायच्या आधी सगळ्यांना बाहेर काढते आणि पुढे मोठी भूगर्भशास्त्रज्ञ होते. ठोसर मॅडमचे डोळे भरून आले होते. म्हणाल्या, तुमच्या मुलांनी अजून किती दुःख वाचायचं, दुर्गाताई?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या मेलेल्या बहिणीला जिवंत करून वर माझेच डोळे पुसायला निघालेली ही बाई. पण तिनं पुढे जे विचारलं त्यानं मी थबकले. तिनं विचारलं, की तुम्ही लहानपणी वाचलेल्या पुस्तकांत तुमच्यासारखी एक तरी मुलगी होती का? तेव्हा राग यायचा ना? मग आता प्रत्येक मुलाला आपल्यासारखं कुणी भेटतंय, तर बिघडलं कुठं?

खरं होतं. नव्हती एकही. शाळेच्या पेटीतली सगळी पुस्तकं मी वाचली होती आणि सगळ्यांत तीच पोरं. त्यांना गॅलरी असायची, सुट्टीत आजोळ असायचं, आंब्याच्या अढ्या असायच्या. मला राग यायचा आणि तरी मी वाचायची.

"मॅडम," मी म्हटलं, "त्या पुस्तकांमुळे तुमच्या घरात कुठल्या फळीवर काय असतं ते मला पाठ आहे. तुमची पोरं कशाला घाबरतात, तुमच्या आया कशावरून रडतात, सगळं ठाऊक आहे. तुम्हाला माझ्या घरातलं काय ठाऊक आहे? एवढंच कळावं म्हणून मी लिहिलं होतं. ते तुम्ही पुसलंत, आणि वर म्हणता आपुलकी."

त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. मी म्हटलं, एक तरी प्रत जशी लिहिली तशी काढा. त्यांनी नकारार्थी मान हलवली. किशोरांसाठी कागदावरची पुस्तकं बंद होऊन सहा वर्षं झाली होती आणि शाळांची ग्रंथालयं आता आपुलकीच्याच प्रती घेतात. आणि मग, वेळ कशी साधावी बघा, त्यांनी मला आनंदाची बातमी दिली. 'शीर'ला यंदाचा सर्वसमावेशक किशोर साहित्याचा पुरस्कार मिळाला होता. दोनशे बारा प्रकारच्या घरांना एकाच पुस्तकात स्थान दिल्याबद्दल. रविवारी समारंभ, पुण्यातल्या निवडक शाळांची मुलं येणार, अन्वीची शाळाही त्यात आहे म्हणाल्या.

मी उठले. दारातून परत फिरले आणि विचारलं, की माझी मुलगी वडारांच्या सेहेचाळीसात का नाही? तिला निहारिका का आली?

त्यांनी नोंद बघितली. म्हणाल्या, शाळेत घालताना पालकांनी भरलेला फॉर्म असतो. त्यात आजोळच्या व्यवसायापुढे 'शिक्षक' लिहिलंय. समाजाची जागा कोरी आहे. घरची बोली, प्रमाण मराठी.

अक्षर माझं होतं. अन्वी पाच वर्षांची असताना शाळेच्या व्हरांड्यात बाकावर बसून मी तो फॉर्म भरला होता. नवरा म्हणाला होता, जे आहे ते लिही. मी लिहिलं नाही. माझ्या पोरीला वर्गात कुणी चिपा म्हणून हाक मारू नये, एवढंच डोक्यात होतं. मला तशीच हाक मारायचे. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी होते. बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले आणि पूर्ण रस्ताभर स्वतःलाच शिव्या घातल्या.

घरी येऊन मी कपाटातून हस्तलिखित काढलं, खाली तो दाखला होता तोही काढला, आणि दोन्ही अन्वीच्या पुढ्यात ठेवलं. म्हटलं, तू वाचलंस ते माझं नव्हे, हे माझं आहे. ती कागद घेऊन आत गेली. दुपारचे साडेतीन झाले असतील. मी बाहेर बसून वाटाणे सोलत राहिले. सहाच्या सुमाराला ती बाहेर आली, तोंड सुजलेलं. मला वाटलं गळ्यात पडेल.

"फॉर्म कोणी भरला होता?" तिनं विचारलं.

"मी."

"मग यंत्राला कशाला शिव्या देतेस? त्यानं तुझंच ऐकलं." तिचा आवाज चिरकला. "मला मावशी होती, आई. आणि तू मला निहारिका दिलीस."

माझा सगळा राग, ठोसर मॅडमवरचा, यंत्रावरचा, दुनियेवरचा, माझ्याच अंगावर उलटला. मी तिला सांगायचा प्रयत्न केला, की तुला कुणी काही बोलू नये म्हणून केलं. ती म्हणाली, की कुणी बोललं असतं तर मी बघून घेतलं असतं, तू मला बघूच दिलं नाहीस. आणि दार लावून घेतलं. पुढचे चार दिवस आमच्या घरात 'मीठ दे' आणि 'पाणी गेलं' यापलीकडे बोलणं नव्हतं. शनिवारी मी दाराबाहेरूनच तिला सांगितलं, की उद्या स्टेजवरून मी नागूचा विषय काढणार नाही. तुझ्या मैत्रिणी असतील. पुरस्कार नाकारेन, एवढंच म्हणेन की हे पुस्तक माझं नाही, आणि खाली उतरेन.

रविवारी हॉल गच्च भरला होता. चारशे मुलं, प्रत्येकाच्या मांडीवर टॅब. अन्वी पाचव्या रांगेत, शाळेच्या गणवेशात, माझ्याकडे न बघता बसलेली. सूत्रसंचालन ठोसर मॅडमच करत होत्या. माझी ओळख करून दिली, त्यात वडार हा शब्द तीनदा आला आणि दर वेळी त्यांनी तो इतका जपून उच्चारला, की मला उठून जावंसं वाटलं. मग त्यांनी एक खेळ काढला. माइक मुलांमध्ये फिरवायचा, आणि प्रत्येकानं सांगायचं, तुझ्या 'शीर'मधल्या मुलीचं नाव काय?

सानिका. झोया. आर्या. पूर्वा. मेरी. जान्हवी. प्रत्येक नावाला टाळ्या. ठोसर मॅडम म्हणत होत्या, बघा, आपण किती जण आहोत. मी खुर्चीच्या दांड्या धरून बसले होते. कुणीतरी माझ्या बहिणीला कापून कापून वाटत होतं आणि लोक टाळ्या वाजवत होते. माइक पाचव्या रांगेत आला. अन्वीशेजारच्या मुलीनं सांगितलं, ईशानी. मग माइक अन्वीच्या हातात गेला.

ती उभी राहिली. मी मनातल्या मनात म्हणत होते, निहारिका म्हण बाई, निहारिका म्हण आणि सुट.

"नागू इरकल," ती म्हणाली. "ती माझी मावशी. तेरा वर्षांची होती. आम्ही वडार आहोत. कडा पडणार हे तिनं ठेकेदाराला आधी सांगितलं होतं, तरी त्यानं तिला खाली पाठवलं. ती मेली."

अन्वीच्या वर्गातल्या पोरी तिच्याकडे वळून बघत होत्या. आणि ठोसर मॅडम, देव त्यांचं भलं करो, छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "किती सुंदर. हीसुद्धा आपल्या दोनशे बारांपैकीच एक." आणि त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

लोकांनीही वाजवल्या. मी त्या टाळ्या जन्मात विसरणार नाही. एका पोरीनं चारशे जणांपुढे स्वतःला उघडं केलं आणि यांनी तिला खेळातला एक आकडा करून टाकलं. मी उठले, मॅडमच्या हातातला माइक अक्षरशः हिसकावला.

"ही आवृत्ती नाही," मी म्हणाले. "ही माझी बहीण आहे. टाळ्या थांबवा."

टाळ्या थांबल्या. पुढे काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं. तेवढ्यात दुसऱ्या रांगेत एक मुलगी उठली. दोन वेण्या, गोल चेहरा. माइक तिच्याकडे नव्हता, म्हणून ती मोठ्यानं बोलली. तिनं सांगितलं, की तिच्या बाबांचा क्रशर आहे, आणि तिच्या पुस्तकात दरड पावसामुळे कोसळते, ठेकेदार तर सगळ्यांना वाचवायला धावतो. तिनं अन्वीकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे.

"बाई, त्या ठेकेदाराचं नाव काय होतं?"

माझ्या हस्तलिखितात ते नाव नाही. सहा वर्षं लिहिलं, चौदा वेळा दुरुस्त केलं, आणि सगळीकडे 'ठेकेदार' एवढंच. वडलांनी 'अपघात झाला' असं लिहिलेल्या कागदावर अंगठा दिला होता आणि आईनं मला बजावलं होतं, ते नाव तोंडातून काढायचं नाही, आपल्याला याच मुलखात पोट भरायचंय. तीस वर्षं मी ते इमानानं पाळलं. यंत्रानं माझ्या पुस्तकातून त्या माणसाला सुटू दिलं, हे खरं. पण पहिल्यांदा मी सुटू दिलं होतं. बाजूला ठोसर मॅडम हलक्या आवाजात सांगत होत्या, की नाव घेऊ नका, कायदेशीर भानगड होईल. अन्वी पहिल्यांदाच माझ्याकडे बघत होती. पाच दिवसांत पहिल्यांदा.

"जयवंत हुंडेकर," मी म्हणाले. "नागूनं त्याला सांगितलं तेव्हा मी तिथंच होते. तो तिला म्हणाला, तू दगडाचं ऐक, मी तुझं कशाला ऐकू."

मागे कुणीतरी दिवे लावा म्हणून ओरडलं आणि एकदोन शिक्षक मुलांना उठवायला लागले. क्रशरवाल्यांची ती मुलगी मात्र उभीच होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता, डोळे भरले होते, आणि तिनं आपला टॅब खाली खुर्चीवर उपडा ठेवला होता.

"आणि मग?" तिनं विचारलं.

मी स्टेजच्या पायऱ्या उतरून तिच्यासमोर जाऊन बसले आणि सांगायला लागले.